डावीकडे की उजवीकडे

पँटचं माप घेताना एक प्रश्न
मी मान वर न करता विचारतो:
डावीकडे की उजवीकडे?
गिऱ्हाईक भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उत्तर देतं.
अमळनेरातल्या निम्म्या पुरुषांची बाजू
माझ्या वहीत एका अक्षरात आहे,
डा किंवा उ.
ती वही मी बायकोलाही दाखवलेली नाही.

फेब्रुवारीत माझीच डावी बाजू
हाताला घट्ट लागली, सुपारीसारखी.
दुखत नव्हती.
त्या न दुखण्याला मी होळीपर्यंत फसलो.

जळगावच्या डॉक्टरांनी रिपोर्टवर पेनाने गोल काढला,
म्हणाले, ही काढावी लागेल.
मग ड्रॉवरमधून एक डबी.
सिलिकॉनची. लहान, मध्यम, मोठी.
हवी तर त्याच वेळी बसवू, बाहेरून कळणार नाही.
मी चिमटीत धरून दाबून पाहिली,
जसं टेरिकॉट पाहतो:
चुरगळतंय का, परत येतंय का.
माल चांगला होता.
बाहेरून म्हणजे कुणाला, हे विचारायचं राहिलं.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर भुसावळचे धुडकूबा,
रेल्वेतून रिटायर, आता हर्नियासाठी आलेले.
त्यांची एक तीस वर्षांमागेच गेली.
"माले कोन्ही इचारंच नही," म्हणाले.
विचारलं असतं तर नाहीच म्हटलं असतं,
पण नाही म्हणायला तरी मिळालं असतं.
आणि कुशीवर वळून घोरायला लागले.

पलीकडे शहाद्याचा केतन, साखरपुडा झालेला.
त्याला हवीच होती.
मुलीसाठी नाही काका, तिला सगळं सांगितलंय.
आम्ही सहाजण प्रकाशाला तापीत पोहतो,
ओले कपडे काठावरच बदलतो.
एवढंच कारण.
मला ते पुरेसं वाटलं.

वैजयंतीने डबा उघडला,
कळण्याची भाकरी मोडली, ठेचा काढला.
"माले तू जोयजे. बाकी तुनं तू देख."
दोन घास गेल्यावर:
"केवढ्याले शे ती?"
मी आकडा सांगितला.
ती उरलेली भाकरी फडक्यात गुंडाळत राहिली.

मी फॉर्मवर नको लिहिलं.
त्यात शौर्य काही नव्हतं.
थोडे पैसे होते, थोडी घाई,
आणि त्या दिवशी मला फक्त कापणं कळत होतं,
जोडणं नाही.

टाके मात्र बघण्यासारखे.
जांघेत चार बोटं शिवण, आतून घेतलेली,
दोरा कुठे संपला ते दिसत नाही.
मी आरशात तीनदा पाहिलं,
कारागीर कारागिराचं काम पाहतो तसं.
चौथ्यांदा पाहिलं तेव्हा
शिवणीच्या खाली पाहिलं.

शर्टाचं वरचं बटण हरवलं
तर मी खालचं, पँटीत खोचलं जाणारं, काढून वर लावतो.
कुणाच्या लक्षात येत नाही.
पण मला माहीत असतं खाली काय नाही ते,
आणि शर्ट घालणाऱ्याला.

मार्गशीर्षात केतन लग्नाचा सूट शिवायला आला.
शहादा सोडून इतक्या लांब.
दुकानात कुणी नाही बघून हळूच म्हणाला,
थंडीत ती गार पडते काका,
पोहून आलं की तासभर गारच. पाहुणी आहे ना.
आणि मित्र? मी विचारलं.
कुणी बघतच नाही हो, तो म्हणाला.
मग टेपचं टोक बोटाला गुंडाळत,
तरी बरं वाटतं.

मी गुडघ्यावर बसलो, टेप धरली,
आणि वीस वर्षांच्या सवयीने प्रश्न तोंडातून गेला.
तो हसायला लागला. मीही.
खडू पडून फुटला.
त्याच्या पँटचं आसन अर्धा इंच सैल ठेवलं.

माझ्या नावापुढे वहीत अजून जुनाच डा आहे.
खोडला नाही, गिरवलाही नाही.

दर सहा महिन्यांनी तपासणीला गेलो
की डॉक्टर पुन्हा विचारतात, बसवायची का आता?
मी म्हणतो, पुढच्या वेळी सांगतो.
आणि बाहेर येऊन, बसला अवकाश असतो तेव्हा,
भुसावळला फोन लावतो:
धुडकूबा, आज पुन्हा विचारलं.