सुलेमानी

सोहारच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
दूध बंद. दही, चीज, लबानसुद्धा.
मी विचारलं, आणि ताक?
त्यांना ताक ठाऊक नव्हतं.

बंदराच्या फाटकासमोर मोईदूची टपरी.
रात्रपाळीचे ट्रेलर करकसाठी हॉर्न देतात.
अकरा वर्षं माझा कप न विचारता यायचा.
आता तो विचारतो, सुलेमानी?
आणि काळ्या चहात लिंबू पिळताना
माझ्याकडे बघत नाही,
सुतकातल्या माणसाकडे बघत नाहीत तसं.

पोट आता शांत आहे.
इतकं, की रात्री एसीचं थेंबथेंब गळणं ऐकू येतं.

शुक्रवारी वहिनीचा फोन:
म्हैस व्याली, भावोजी. चीक फ्रीजरात ठेवलाय,
तुम्ही आलात की खरवस.

मी म्हटलं,
जायफळ जरा जास्त घाला.