शिट्टी वाजली नाही

"शिट्टी वाजेपर्यंत पळायचं.
वाजली नाही, तर काही झालं नाही."
हे वाक्य माझंच.
अकरा वर्षं, नवापुऱ्यातल्या आखाड्यामागे
फक्कीच्या रेषा आखता आखता
मी ते पोरींच्या कानात ओतत आले.

उपांत्य सामना डभोईशी.
गुण समान. आत उरलेली एकच,
तेजल मोहिते, वय तेरा,
दातात वेणीचं टोक धरून पळणारी.
कितीदा सांगितलं, वेणी वर बांध.

खांबापाशी त्यांच्या जिग्ना पाटणवाडियाने
अंग झोकून दिलं.
पंच पलीकडे होते, उन्हाला आडवा हात धरून.
मला दिसलं.
पांढऱ्या बनियनवर, डाव्या खांद्याखाली
ओल्या मातीचा पंजा,
पाच बोटं, करंगळी किंचित वाकडी.

शिट्टी वाजली नाही.

मी घड्याळ पाहिलं.
हो, घड्याळच पाहिलं.
बेचाळीस सेकंद.
पळ, म्हटलं मनात, पळ गं बाई.

ती थांबली.
पाठीकडे हात नेला, तो तिथवर पोचेना,
मग तोच हात वर केला
आणि चालत रेषेबाहेर आली.
पंचांनी माझ्याकडे पाहिलं.
मी बुटाची नाडी बांधायला वाकले.
ती सुटलेली नव्हती.

एका गुणाने गेलो.
हात मिळवताना जिग्ना अवाक्षर बोलली नाही.
तिची करंगळी तेवढी मी पाहिली.

रावपुऱ्यात सेव-उसळीच्या गाडीवर
तेजलच्या शेजारचं स्टूल रिकामं.
कप्तान उर्वी घाटगे पाव मोडत म्हणाली,
"पंचांना कळलं नाही, मग तुला काय कळलं?"
"हात लागला होता ना," तेजल म्हणाली,
आणि गाडीवाल्याकडे वाटी पुढे केली,
"काका, थोडी तरी आपो ने."
कुणीतरी हसलं. उर्वी नाही हसली.
माझ्या घशात तिखट अडकलं,
नाही तर तेव्हाच काही बोलले असते.
नसतेही बोलले.

सकाळी सहाला पोरी रांगेत.
तेजल तिसरी. बनियन धुतलेलं,
पण गोराडू माती अशी सहज सुटत नाही,
पंजा होताच, चहा सांडल्यासारखा फिकट.
मी सवयीने तोंड उघडलं,
"शिट्टी वाजेपर्यंत..."
पुढचे शब्द आलेच नाहीत.
पोरी वाट बघत राहिल्या.

मग शिट्टी गळ्यातून काढली, उर्वीला दिली.
"आज पंच तू. मी पळते."
"बाई, तुमचा गुडघा!"
"असू दे."

पहिलं मिनिट बरं गेलं.
दुसऱ्याला दम लागला, साडीचा खोचलेला पदर सुटला.
तिसऱ्याला वळताना, खांबाच्या आतल्या अंगाने,
कुणाची तरी बोटं कमरेला चाटून गेली.
कुणाची, ते कळलं नाही.
लागली, ते कळलं.

उर्वी दुसरीकडे बघत होती.
शिट्टी वाजली नाही.