सीटचं माप

गाडी माझ्या पगारातली, कागदावर आबांची.
शाहूपुरीतल्या एजंट हुपरीकरनं
कॅल्क्युलेटर माझ्याकडं फिरवला:
तुझ्या नावानं घेतलीस तर हा आकडा.
मग दोन-चार बटणं दाबली,
आणि आबांच्या नावानं, त्यांचा पन्नास टक्के बोनस धरून, हा.
मधल्या फरकात माझं पाच महिन्यांचं पेट्रोल मावत होतं.
"सगळी असंच करत्यात," म्हणाला,
आणि चहा सांगितला.

नो क्लेम बोनस.
आबांनी तो कमावला होता जुन्या ओम्नीवर,
सतरा वर्षं काहीही न मागून.
ओरखडे पडले, आरसा फुटला,
एकदा कावळा नाक्यावर कुणीतरी मागनं चेपली,
आबांनी रविवारी स्वतः ठोकून सरळ केली.
तसा त्यांनी कुणावरच कधी क्लेम केला नाही,
भावावर नाही, मालकावर नाही,
कारखान्यानं बुडवलेल्या दिवाळीच्या बोनसवरही नाही.

सही करताना एवढंच विचारलं,
"चालवणार कोण, ते कुठं लिवायचं?"
"तसा रकाना न्हाई, आबा."
टेबलाखाली त्यांचा डावा गुडघा हलला,
दोन वर्षं क्लचवर न गेलेला.

माघात, पुईखडीच्या उतारावर,
उसाची ट्रॉली. मागं ना दिवा, ना लाल पट्टी.
मी एकटा, खिशात कच्चं लायसन्स.
बॉनेट उसात शिरलं
आणि रेडिएटरच्या वाफेला
बराच वेळ रसवंतीचा वास येत राहिला.
कुणाला काही झालं नाही.
ट्रॅक्टरवाला उतरला, मला खालीवर बघितलं,
"वडलांना फोन लाव," म्हणाला.

सोमवारी गॅरेजात सर्व्हेअर मुजावर आले.
त्यांच्या फॉर्मवर मात्र रकाना होता:
अपघातसमयी वाहन चालविणाऱ्याचे नाव.
माझं तोंड उघडायच्या आत
आबा म्हणाले, "मीच हुतो."

मुजावरांनी पेनाला टोपण लावलं.
"बसा बगू जरा स्टेअरिंगवर."
आबा बसले.
पाच फूट दोन इंच.
सीट माझ्या मापाची, पार मागं.
पाय लांबवला. आणखी लांबवला.
चप्पल निसटून खाली पडली.
क्लच आणि अंगठा यांच्यामध्ये
चार बोटं हवा राहिली.

उद्यमनगरात लेथवर एकतीस वर्षं
मायक्रोमीटरवर केसाएवढा फरक दिसला
की जॉब बाजूला काढणारी ती नजर,
मालक ओरडला तरी न हलणारी,
आता त्या चार बोटांकडं बघत होती.

मुजावर लांब जाऊन टायरचे फोटो काढू लागले.
एकाच टायरचे, किती तरी.

आबांनी फॉर्म मागून घेतला.
फाडला नाही. चष्मा लावला,
कडेला कड जुळवून चार घड्या घातल्या.
"ऱ्हाऊ द्या, साहेब. आमचं काय मागणं न्हाई."

अठ्ठ्याऐंशी हजार. गॅरेजवाल्याचे नऊ हप्ते.
बोनस शाबूत.

उतरायच्या आधी मला विचारलं होतं,
"ही सीट फुडं कशी घ्यायची?"
मी वाकून दांडी दाखवली.
त्यांनी ओढली, खट् खट् दातादातानं पुढं आली.
पाय ठेवून बघितला.
मग उतरले, चप्पल शोधली.

पक्कं लायसन्स मिळून वर्ष होईल आता.
गोकुळ शिरगावच्या शिफ्टला जाताना
गुडघे स्टेअरिंगला घासतात, मित्र हसतात.
दांडी हाताला लागते, ओढत नाही.

काल हुपरीकरचा फोन होता, रिन्युअलचा.
"नाव तेच ठेवायचं न्हवं?"
आबा शेजारीच बसले होते,
शेंगा सोलत.