रकाना नववा

वसमतला उतरले तेव्हा मोंढ्यात हळदीचा लिलाव चालू होता,
रिक्षावाल्याच्या भुवयासुद्धा पिवळ्या.
दैवशालाचं घर पॉलिशच्या ड्रममागं, पत्र्याच्या ओळीत.
ड्रम फिरत असला की तिथं ओरडलेलं ऐकू येत नाही.
हे तिनंच सांगितलं होतं मागच्या पोळ्याला,
सहज, शेंगा फोडता फोडता.

तेव्हा तिची फाईल दुसरी होती.
त्या फाईलीतला कायदा विचारतो,
बाई, तुमची इच्छा काय?
आणि इच्छा नाही म्हणलं की
ओट्यावर थांबतो, चप्पल न काढता.
मीही थांबले. तीनदा आले, तीनदा चहा प्यायले.
तिसऱ्या खेपेला तिनं माझा नंबर
न बघता म्हणून दाखवला.
एवढं जमलं होतं.

काल काठी उगारली आणि कार्तिकी मधे आली.
आठ वर्षांची, तिसरीत.
काठी तीच, हात तोच,
मार वीतभर इकडचा तिकडं झाला, एवढंच.
पण आता कायदा दुसरा.
हा इच्छा विचारत नाही.
हा तास मोजतो. चोवीस.

पोरीच्या दंडावर पिवळा डाग.
आईनं लावलेली हळद, की बापाच्या पंज्याची?
नमुन्यात दोन्हीला मिळून एकच ओळ.

"लिहू नका, मॅडम.
मह्या पाठीचं लिहा, सगळं लिहा, आज सही देते.
लेकराचं नका लिहू.
लेकरू नेतेत म्हणं हिंगोलीला."

तीन भेटींत जी सही मिळाली नव्हती
ती अशी समोर आली, अंगठ्याला शाई लावून घ्यायला तयार,
आणि मला घेता येईना.

समिती म्हणजे कोर्ट नाही, मी म्हणाले.
तिथं कोणी ओरडत नाही, म्हणाले.
माझाच आवाज मला ऐकू येत होता,
प्रशिक्षणाच्या हॉलमधला, बिस्किटं वाटून झाल्यानंतरचा.

रकाना नववा: आई बालकाचे रक्षण करण्यास
समर्थ / असमर्थ. लागू नसलेला शब्द खोडा.
समर्थ म्हणावं तर पोर पुन्हा त्याच पत्र्याखाली.
असमर्थ म्हणावं तर
काल रात्री पोरीला खाली घेऊन
वर स्वतः पालथी पडलेली ही बाई
कोणत्या शब्दात बसवू?

कळमनुरीच्या त्या पोराच्या वेळी मी थांबले होते,
आईनं हात जोडले म्हणून. एक आठवडा.
त्याचं दप्तर अजून ऑफिसच्या कपाटात आहे,
न्यायला कोणी आलं नाही.
म्हणून कायद्याला नावं ठेवणाऱ्यांत मी बसत नाही.

दोन्ही शब्द तसेच ठेवले.
समासात लिहिलं, बारीक अक्षरात:
आई सोबत येत आहे.

औंढ्यापर्यंत आम्ही दोघी उभ्यानं.
कार्तिकीला खिडकी मिळाली होती.
शिरडच्या पुढं तिनं विचारलं,
मला तिथं ठेवून घेणार का?
दैवशालानं माझ्याकडं पाहिलं.
मी तिकिटाचे सुटे पैसे मोजत राहिले,
ते सात रुपये होते.

समितीत एका सदस्यानं विचारलं,
आधीच का नाही निघालीस गं?
ती म्हणाली, ह्या मॅडम येत होत्या की.

पोर मावशीकडं दिली, जवळाबाजारला, आईसकट.
महिन्यानं पाहणी, तीन महिन्यांनी अहवाल.
चांगलंच झालं म्हणायचं.
नवरा ड्रमवर आहे अजून, हात पिवळे.

परवा त्या ओळीत पुन्हा गेले, दुसऱ्या दाराला.
बाया आल्या. सतरंजी टाकली, चहा ठेवला,
साखर जास्त घातली माझ्यासाठी.
आणि एकीनं, मला वाटतं सहजच,
लेकरांना आत पाठवून
बाहेरून कडी घातली.