कडा

कोपरखैरणे, सेक्टर एकोणीस. झेरॉक्सच्या दुकानात मागे
पडदा लावून माझा कॉम्प्युटर.
लग्न, बारसं, साठी, जे आणाल ते
डिस्कवर उतरवून मिळेल. नव्वद रुपये. कव्हर वेगळं.

गोठिवलीच्या वनिता मढवीने पेन ड्राइव्ह दिला:
धाकट्या बहिणीची हळद, दोन तास सात मिनिटं,
भाच्याने मोबाइलवर काढलेली.
आईकडे जुना डबा टीव्ही आहे, म्हणाली,
त्याला डिस्कच लागते.

चार दिवसांनी परत. आवाज मागे पडतो.
सुरुवातीला ठीक, मग मांडवात
धवलारीण पाण्याचा तांब्या तोंडाला लावते
आणि गाणं चालूच.
मी हसलो नाही. हसायला आलं होतं.

मोबाइलचं असं असतं, मी सांगितलं,
उजेड कमी झाला की तो सेकंदाला चित्रं कमी काढतो,
आवाज मात्र आपल्या चालीने चालतो,
तासाभरात दोघांत चार सेकंदांचं अंतर.
ती म्हणाली, आमच्या घरात यापेक्षा जास्त आहे.

चित्रं मोजून पंचवीसवर बांधली,
आवाज अठ्ठेचाळीस हजारांवर आणला,
टाळी वाजते तिथे टाळी बसवली.
हळदीच्या हातांना कंगव्याचे दात फुटत होते
हात जरा जोरात हलला की. तेही काढले.
ओळींचा क्रम उलटा गेला होता, चूक माझीच.
बेंजोचा आवाज फाटलेला, तो तसाच ठेवला.
तो मांडवातच फाटला होता.

दुसरी डिस्क. आठवडा गेला. वाटलं, सुटलो.

मग एका दुपारी, मी जेवणाचा डबा उघडतोय,
वनिता काउंटरवर.
"सगळा बराबर हाय. पन यान बाबूस दिसत नाय."

फाइल उघडली. बाबूस होता.
डाव्या बाजूला, अगदी टोकाला,
बाळाराम मढवी:
प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत उचलताना,
बर्फाच्या लादीवर गोणपाट टाकताना,
जनरेटरवाल्याशी भांडताना, बेंजोत शब्द ऐकू येत नाहीत,
एकदा नुसताच उभा, हात पुसायला फडकं शोधत.
मधे कधीच नाही. मधे नवरी.

जुना टीव्ही चारी बाजूंनी चित्र खातो.
काचेच्या चौकटीमागे बोटभर पट्टी जाते,
कोणाच्या लक्षात येत नाही,
कारण तिथे बहुतेक वेळा झाड असतं,
नाहीतर मांडवाचा बांबू.

"आयस रोज लावते," वनिता म्हणाली.
"भिंतीवर फोटो हाय. पन तो हलत नाय."

मी चित्र दहा टक्क्यांनी आवळलं.
नवरी थोडी लहान झाली, मांडव लहान झाला,
भोवती काळी पट्टी आली,
आणि बाबूस आत आला, खुर्च्यांसकट.
दुकानातल्या डबा टीव्हीवर लावून पाहिलं.
वनिताने काचेला बोट लावलं. ठसा राहिला.

एका ठिकाणी, एक तास बावन्न मिनिटांवर,
भाचा मोबाइल त्याच्याकडे वळवतो.
बाळाराम हातानेच नको नको करतो
आणि चित्राबाहेर चालत जातो.
ते कितीही आवळलं तरी आत येत नाही.
तिने दोनदा मागे घ्यायला लावलं,
मग म्हणाली, ऱ्हावदे.

पैसे एकाच डिस्कचे घेतले. ती तिन्हीचे देत होती,
मग एकाचेही सुट्टे निघेनात.

बिघडलेल्या डिस्का मी खिडकीच्या ग्रिलला बांधतो,
कबुतरं येऊ नयेत म्हणून.
तिच्याही दोन आहेत तिथे. वाऱ्यावर फिरतात,
समोरच्या पतपेढीच्या भिंतीवर उजेडाची चकती
येते, जाते.
कबुतरं दोन दिवस घाबरली.
आता शेजारीच बसतात.