टोकाकडून

हेमांगी ठाकूर मशीन पिशवीत घालूनच आली.
म्हणाली, हे बघ, हेच रोज सकाळी, दोनशेवर,
ओले असले तरी.
ऑफिसला उशीर होतो ना.

ओल्या केसांवर तापलेली पट्टी.
चर्र होतं, ऐकलं असशील,
तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं.
ते केसाच्या आतलं पाणी असतं गं.

उलव्यात सेक्टर एकोणीसला माझा गाळा.
पाणी टँकरचं, बादलीला पांढरी कड धरते.
तेच तुझ्या डोक्यावर, तेच माझ्या.
शेवटचा तांब्या मी फिल्टरच्या पाण्याचा घालते.
नवरा हसतो. हसू दे.

मानेपाशी फणी अडकली
तशी तिनेच हात घातला आणि वरून खाली ओढली,
सगळ्याच ओढतात.
मी फणी काढून घेतली.
वरून ओढलंस की गाठ खाली सरकते, सुटत नाही, आवळते.
टोकाकडून सुरू कर. चार बोटं.
मग आणखी चार.
मुळापाशी सगळ्यात शेवटी यायचं.

कंडिशनरसुद्धा टोकांनाच.
मुळाशी आहे तो केस या महिन्याचा, त्याला काही नको.
टोक म्हातारं.
टेप लावला, बत्तीस इंच.
महिन्याला अर्धा धर,
म्हणजे पाच वर्षं आणि वर थोडे महिने.

ती बोटांवर मोजत राहिली.
मग आरशातून म्हणाली,
तेव्हा आम्ही जुन्या गावात होतो.
विमानतळात घर जायच्या आधी.
विहिरीवर न्हायचो, शिकेकाई लगेच निघायची.

मी काहीच बोलले नाही.
दोन मिनिटं ठेवायचं असतं,
बायका एका मिनिटातच म्हणतात, सोड नळ.
ही पाच मिनिटं बसली.
बाहेरून डंपर गेला, फण्यांचा ग्लास थरथरला.

जुन्या सुती बनियनने टिपून घेतले, चोळले नाहीत.
फाटे किती ते विचारू नका.
मी दोन बोटं दाखवली,
तिने एक.
म्हटलं, फाटा वर चढतो, साडीचा धागा उसवावा तसा,
आज दोन, दिवाळीला चार.
मासळीच्या पाटीवर होते तशी घासाघीस झाली
आणि दीडवर जमलं.

कात्री चालली तेव्हा तिने डोळे मिटले नाहीत.

सैल वेणी घालून दिली.
सांगितलं, हेल्मेटखाली सॅटिनचा रुमाल बांध,
मशीन फक्त लग्नाकार्याला,
केस वाळल्यावर, दीडशेच्या आत.
हो हो म्हणाली. किती ऐकेल, ठाऊक नाही.
माझ्या लग्नात मी कुणाचं ऐकलं होतं?

दोनशे रुपये ठेवले आणि मशीन विसरून गेली.

केर काढला.
दीड बोटाचे ते तुकडे सुपलीत आले,
विहीर बघितलेले.
डबा भरला होता, म्हणून
सुपली तशीच दाराआड ठेवली
पुढचं गिऱ्हाईक येईपर्यंत.