रकाना क्रमांक चौदा

चौदाव्या रकान्यात विचारलंय:
कुटुंबाच्या नावे चारचाकी वाहन आहे काय?
असल्यास तपशील.

डिचोलीच्या मामलेदार कचेरीबाहेर
पेनाचं टोपण दातांत धरून मी बाकावर.
शेजारी एक म्हातारा, उताऱ्यासाठी आलेला,
त्याच्या पिशवीतून शेवग्याच्या शेंगा डोकावतायत.

चारचाकी नाही, साहेब.
दहाचाकी आहे.
म्हणजे होती. म्हणजे आहे अजून,
चाकं नाहीत.

चार टायर गेले घराच्या पत्र्यांना,
दोन आईच्या ऑपरेशनला,
बाकीचे एकेक करून
माझ्या अकरावी-बारावीत.
आता ट्रक चिऱ्यांवर उभा आहे परसात,
नांगरलेल्या होडीसारखा.
केबिनमध्ये कोंबड्या बसतात.
सीटवर हात आपटला तर
आजही उडते खाणीची लाल धूळ.
मी पहिलीत असताना बंद झाल्या खाणी,
धूळ तेव्हापासून तिथंच आहे.

खिडकीतले कारकून, गळ्यात चष्म्याची दोरी,
म्हणाले, वाहन आहे तर उत्पन्न असणारच.
मी म्हटलं, अंडी येतात.
त्यांना हसू आलं नाही.
नाही तर भंगारात काढा, म्हणाले, दाखला आणा.
दाखल्यासाठी आधी थकलेला रोड टॅक्स भरा.
टॅक्स भरायला पैसे असते
तर मी या खिडकीशी कशाला उभी असते,
हे मी मनात म्हटलं,
मोठ्यानं फक्त: बरं.

पप्पा पैशात मोजत नाहीत.
फार्मसीची एका वर्षाची फी सांगितली
तर ते बोटांची पेरं धरत बसले.
मग म्हणाले,
आमोण्याच्या धक्क्यापर्यंत
इतक्या खेपा.
आणि गप्प झाले,
कारण तेवढ्या खेपा
पूर्वी पावसाळ्याआधी सहज होत.

एक गोष्ट मी अर्जात लिहिली नाही,
तिला रकानाच नव्हता.
ट्रकच्या कपाळावर माझं नाव आहे.
पिवळ्या अक्षरांत, दोन्ही बाजूंना कमळं.
मी तीन वर्षांची होते.
पेंटर म्हापशाचा होता, घाईत होता,
त्यानं श्म ला दीर्घ दिली: रश्मीता.
पप्पांच्या ते लक्षात आलं नाही,
लक्षात आलं तेव्हा ट्रकनं
शंभर खेपा मारल्या होत्या,
आणि चालत्या गाडीचं नाव बदलत नाहीत, म्हणे.

भंगारात काढा,
कारकून म्हणाले होते.
मी घरी आले नि सांगितलं नाही कुणाला.

आठवड्यानं तलाठीबाई पाहणीला आल्या.
वेलिंगकर आडनाव, नवीन नोकरी,
चपलेचा अंगठा तुटलेला, तो पिनेनं जोडलेला.
ट्रकभोवती त्या एकदा फिरल्या,
चिरे मोजले.
दरवाजा उघडला तर
कोंबडी फडफडत त्यांच्या पदरावर.
पप्पा धावले, सॉरी मॅडम, सॉरी.
त्यांनी पदर झटकला, वाकून आत पाहिलं.
दोन अंडी, स्टिअरिंगखाली.
मग वहीत लिहिलं, मी खांद्यावरून वाचलं:
वाहन अचल. इंजिन नाही. कोंबड्यांचा वापर.
जाताना विचारलं, ही रश्मीता कोण?
पप्पांनी माझ्याकडे बोट केलं नाही.
म्हणाले,
हीच.
आणि हात बॉनेटवर ठेवला.

पावती आहे माझ्याकडे, नंबर आहे,
फोनवर उघडलं की दिसतं: प्रलंबित.
कर्ज बिनव्याजी आहे, नोकरी लागल्यावर फेडायचं.
दोन जामीन हवेत, एक मिळालाय:
कदंबचा ड्रायव्हर रुजार,
पप्पांचा खाणीवरचा दोस्त.
म्हणाला, सही काय,
मी तर ब्रेक फेल असलेली गाडीपण चालवलीय.
दुसरा शोधतेय.

अर्जदाराची सही,
त्या रेघेवर मी पेन टेकवला
आणि हात आपोआप
दीर्घ काढायला वळला.
आवरला.
कागदाला ऱ्हस्व लागते.